व्याख्या पाठ आहे, पण पुडी किती पाण्यात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ होती. आम्ही घरोघर ओआरएसच्या पुड्या वाटत फिरत होतो. एका घरात तीन वर्षांचे बाळ मलूल होऊन पडले होते. त्याच्या थोरल्या बहिणीने अख्खी पुडी एका पेल्यात विरघळवली होती आणि ती त्याला चमच्याने पाजत होती. ही मुलगी बारावी सायन्सला. पलंगामागच्या भिंतीवर तिने ऑसमॉसिसची व्याख्या इंग्रजीतून लिहून चिकटवली होती.

आम्ही पेला बाजूला ठेवला आणि विचारले, "हे पाठ आहे का तुला?" तिने एका दमात म्हणून दाखवले. मग विचारले, "एका पेल्यात अख्खी पुडी घातली, तर बाळाच्या आतड्यात पाणी कुठून कुठे जाईल?"

ती गप्प झाली. भिंतीकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "अंगातलं पाणी आतड्यात येईल का, सिस्टर? म्हणजे जुलाब वाढतील?" आणि कुणी सांगण्याआधी तिनेच तो पेला मोरीत ओतला.

त्या मुलीला आम्ही दोष देत नाही. आम्ही स्वतः नर्सिंगच्या डिप्लोमाला होतो तेव्हा हेच केले. पानेच्या पाने पाठ केली, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवली आणि पास झालो. सलाइन ०.९ टक्केच का असते, हा प्रश्न वॉर्डात दोन वर्षे ड्युटी केल्यावर पहिल्यांदा डोक्यात आला. शिकवणाऱ्यांनी विचारला नव्हता आणि आम्हीही विचारला नव्हता.

आता वस्तीतली मुले-मुली नीट, सीईटी, नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसतात. हे पाहून ऊर भरून येतो. पण त्यांच्या अभ्यासाची पद्धत पाहिली की काळजी वाटते. आमचे म्हणणे सरळ आहे. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या मूळ कल्पना कळल्याशिवाय उजळणी केली, तर परीक्षेत गुण जातात आणि घरात जीव धोक्यात येतो. त्या कल्पना समजून घ्यायला लागणारे निम्मे सामान आपल्या स्वयंपाकघरात आणि औषधाच्या डब्यात पडलेले आहे.

शास्त्र अडत नाही, शब्द अडतो

आपली बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात. अकरावीला सायन्स घेतले की सगळे इंग्रजीत सुरू होते. काल जे परासरण होते ते आज ऑसमॉसिस होते. सामूचा पीएच होतो, विकराचे एन्झाइम होते, आम्लारीचा बेस होतो, तंतुकणिकेची मायटोकॉन्ड्रिया होते, अर्धसूत्री विभाजनाचे मायोसिस होते. वस्तू तीच असते. पण हे कुणी सांगत नाही, म्हणून मुलीला वाटते की सगळे नवीन आहे आणि आपल्याला काहीच येत नाही. दिवाळीपर्यंत तिचा धीर सुटतो. घरचे म्हणतात, आर्ट्सला टाकायला हवे होते.

आर्ट्स वाईट नाही. पण शास्त्र कळत नाही म्हणून सोडणे वेगळे आणि शब्द कळला नाही म्हणून सोडणे वेगळे. दुसऱ्या कारणाने एकाही मुलीने सायन्स सोडू नये.

यावर उपाय दहा रुपयांच्या वहीचा आहे. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, दुसऱ्यात अकरावीच्या पुस्तकातला इंग्रजी शब्द, तिसऱ्यात स्वतःच्या बोलीत एक ओळ. रोज दहा शब्द लिहिले तर दोन महिन्यांत सहाशे होतात. एवढ्यात दोन्ही विषयांचा पाया बसतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मागता येते. तिच्यात मराठीसोबत इंग्रजी मजकूरही छापलेला असतो आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. म्हणून मराठीतून पेपर देणाऱ्यालाही दोन्ही शब्द ओळखीचे हवेत.

एका पुडीत किती धडे?

आता त्या पुडीकडे परत येऊ. ओआरएसच्या पुडीवर काय काय छापले आहे ते मुलांना वाचायला लावा. सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, २.६ ग्रॅम. ग्लुकोज १३.५ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम, आणि हे सगळे एक लिटर पाण्यासाठी.

रसायनशास्त्रात मुले सगळ्यात जास्त घाबरतात ती 'मोल' या कल्पनेला. पण मोल म्हणजे डझनासारखीच मोजणी. एक डझन लिंबे आणि एक डझन नारळ, नग दोन्हीकडे बारा, वजन मात्र वेगळे. तसेच एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण, मग पदार्थ कोणताही असो. मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅम भरतो, ग्लुकोजचा १८० ग्रॅम.

आता पुडीतले ग्लुकोज मोजा. १३.५ भागिले १८०, उत्तर ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल. मीठ मोजा. २.६ भागिले ५८.५, उत्तर साधारण ४४ मिलिमोल, म्हणजे सोडियमही तेवढाच. सायट्रेटचा एक मोल, त्यातल्या पाण्यासह, २९४ ग्रॅमचा. २.९ ग्रॅममध्ये साधारण १० मिलिमोल येतात आणि प्रत्येकात सोडियम तीन, म्हणजे ३०. चव्वेचाळीस आणि तीस मिळून जवळपास ७५. ग्लुकोज ७५ आणि सोडियमही ७५! हा योगायोग नाही. आतड्याच्या पेशीपटलावर एक वाहक प्रथिन असते, ते सोडियम आणि ग्लुकोज यांना सोबतच आत नेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जाते. म्हणून हे प्रमाण सांभाळलेले आहे. नुसते साखरपाणी किंवा नुसते मीठपाणी पुडीचे काम का करत नाही, तेही यातून कळते.

अख्खी पुडी लिटरभर पाण्यात विरघळली की द्रावणाची तीव्रता २४५ मिलिऑसमोल होते. आपल्या रक्ताची साधारण २९०. पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जाते, म्हणजे आतड्यातून रक्ताकडे. तीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात घातली तर तीव्रता पाचपट, १२२५. आता दाट बाजू आतड्यात आली. पाणी रक्तातून उलटे आतड्यात येणार, जुलाब वाढणार आणि बाळाच्या रक्तात मिठाचे प्रमाण धोक्याचे होणार.

मोल, द्रावणाची तीव्रता, परासरण, पेशीपटल, वाहक प्रथिने, पचनसंस्था, एवढे धडे एका पुडीत आले. ज्या मुलीने हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केले, तिला परीक्षेत प्रश्न कसाही फिरवून आला तरी अडणार नाही. आणि पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे प्रमाण ती विसरणार नाही.

सलाइनचा प्रश्नही आता सोपा झाला. ०.९ टक्के म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. ९ भागिले ५८.५, साधारण १५४ मिलिमोल. पाण्यात मिठाचे दोन कण होतात, सोडियम आणि क्लोराइड, म्हणून दुप्पट करा. ३०८, रक्ताच्या जवळपास. म्हणून तांबड्या पेशी त्यात फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत. नुसते शुद्ध पाणी शिरेत गेले तर त्या फुगून फुटतील.

चारातला एक

दुसरा धडा आनुवंशिकतेचा. तो आपल्या समाजाच्या जिव्हारी लागणारा आहे. विदर्भात आपल्या समाजातल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. मुले मेंडेलचे चौकोन काढतात, उंच झाड आणि बुटके झाड, हिरवा वाटाणा आणि पिवळा वाटाणा. पण तोच चौकोन स्वतःच्या घरासाठी काढायला कुणी शिकवत नाही.

काढून पाहू. आई वाहक, बाप वाहक. दोघांकडे एक चांगले जनुक, एक सिकलचे. दोघेही धडधाकट. त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता सिकलसेलच्या आजाराची, चारात दोन वाहक असण्याची, चारात एक पूर्ण मोकळे असण्याची. एका बाईने आम्हाला सांगितले होते, "पहिलं आजारी निघालं, आता तीन चांगली होतील." इथेच घात होतो. नाणे एकदा छापा पडले म्हणून पुढच्या वेळी काटा पडेलच असे नाही. प्रत्येक गरोदरपणात फासा नव्याने पडतो. परीक्षेत हा प्रश्न चार गुणांचा असेल, त्या बाईच्या घरात तो दोन लेकरांचा झाला.

याच चौकोनातून दुसरी गोष्ट निघते. आजारी मूल जन्मायला दोन्हीकडचे जनुक लागते. तरीही सासरी बोल सुनेलाच लावला जातो. बारावीच्या मुलीने कागद घेऊन आजीसमोर तो चौकोन काढावा. वाहक असणे हा आजार नाही आणि डागही नाही. वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न मोडायची गरज नाही, जोडीदाराची तपासणी आधी करायची गरज आहे. जोडीदार पूर्ण मोकळा असेल तर अपत्यांत आजारी कुणी होत नाही, निम्म्या शक्यतेने वाहक होतात. आणि तपासणीचेही समजून घ्या. विद्राव्यता चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांतही सकारात्मक येते. नेमके कोण काय आहे ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने ठरते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सरकारी दवाखान्यात तपासणीची मागणी करा, मिळालेले कार्ड जपून ठेवा आणि त्यावर लिहिलेले वाचता येईल इतके शास्त्र शिका.

रसायनशास्त्र इथेही आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडते. व्हॅलिनवर भार नाही, ते पाण्यापासून दूर पळते. म्हणून प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि गोल पेशीचा विळा होतो. हे वाक्य पाठ करून लक्षात राहत नाही. 'भार गेला, म्हणून चिकटले' एवढे कळले की राहते. मग रुग्णाने भरपूर पाणी का प्यायचे, अंगावर दुखणे का काढायचे नाही, थंडीत का जपायचे, हेही त्याला सांगता येते.

फिनेल, अ‍ॅसिड आणि ब्लीच

आपल्या कितीतरी बहिणी सोसायट्यांत, दवाखान्यांत, मॉलमध्ये साफसफाईचे काम करतात. संडास चकाचक व्हावा म्हणून अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओततात. ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटवर हायड्रोक्लोरिक आम्ल पडले की मीठ, पाणी आणि क्लोरीन वायू तयार होतो. बंद खोलीत तो फुप्फुस जाळतो. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, श्वास कोंडतो.

लेकीच्या वहीत हेच समीकरण संतुलनासाठी असते. हायपोक्लोराइटचा एक रेणू, आम्लाचे दोन, त्यांतून मिठाचा एक, पाण्याचा एक, क्लोरीनचा एक. लेकीने ते आईला वाचून दाखवले तर ऑक्सिडीकरण-क्षपणाचा धडा पक्का होतो आणि आई उद्यापासून दोन बाटल्या एकत्र करत नाही.

लोहाच्या गोळीचेही तसेच. ती लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नाही. लिंबातले क जीवनसत्त्व लोहाला फेरस रूपात ठेवते, ते आतड्यात सहज शोषले जाते. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते.

उजळणी कशी करावी?

आधी परीक्षा ओळखा. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण. त्यात ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे. म्हणजे निम्मी परीक्षा जीवशास्त्राची. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. येणारे उत्तर गोंधळून चुकले तर पाच गुणांचा फरक पडतो. राज्याच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांच्यासोबत इंग्रजी आणि नर्सिंगची कलचाचणीही असते. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

मग मागे जा. थेट बारावीच्या जाड पुस्तकाला हात घालू नका. नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तके काढा. रसायनात अणू-रेणू, संयुजा, आवर्तसारणी, मोल, समीकरणांचे संतुलन, आम्ल-आम्लारी, ऑक्सिडीकरण-क्षपण आणि शेवटी कार्बनी संयुगे, या क्रमाने. जीवशास्त्रात पेशी, पेशीपटल, विकरे, पेशीविभाजन, आनुवंशिकता आणि मग शरीराच्या संस्था. संयुजा कळली नसेल तर समीकरण जुळणार नाही. पेशीविभाजन कळले नसेल तर मेंडेलचा चौकोन म्हणजे नुसती अक्षरे. हा पाया झाला की अकरावी-बारावीची पुस्तके हलकी वाटतात. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, मोबाइलवर उतरवून घेता येतात.

प्रत्येक कल्पनेला तीन प्रश्न विचारा. पुस्तक मिटून हे माझ्या शब्दांत सांगता येते का? हे माझ्या घरात, वस्तीत, दवाखान्यात कुठे दिसते? आणि उलटे केले तर काय होईल? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. परीक्षेतले अवघड प्रश्न बहुधा तिथूनच येतात.

काही गोष्टी पाठच कराव्या लागतात, हे आम्हाला मान्य आहे. वनस्पतींचे वर्गीकरण, संप्रेरकांची नावे, अभिक्रियांची नावे घोकल्याशिवाय येत नाहीत. मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवल्याशिवायही भागत नाही. पण समजलेल्या गोष्टीवर केलेले पाठांतर टिकते. न समजलेले आठ दिवसांत गळून जाते.

घराने काय करावे?

काही जण म्हणतात, मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लासशिवाय हे होत नाही. आम्ही क्लासच्या विरोधात नाही. ज्याला परवडतो त्याने लावावा. पण बचत गटाचे कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण ठेवून मुलीला क्लासला पाठवायचे आणि तिला संयुजा येते की नाही हे कुणी पाहायचेच नाही, हा सौदा आम्हाला पटत नाही. पाया कच्चा असलेल्या मुलाला तिथे मागच्या बाकावर बसवतात आणि फी मात्र पुढच्या बाकाइतकीच घेतात. आधी दोन महिने पाया पक्का करा, मग क्लासचा विचार करा.

आई-बाबा शिकलेले नसले तरी ते परीक्षा घेऊ शकतात. रात्री जेवण झाल्यावर लेकीला एवढेच म्हणावे, "आज काय शिकलीस ते मला कळेल असं सांग." आईला कळले तर लेकीला कळले आहे. आई विचारेल, "म्हणजे काय गं?" आणि लेक अडखळेल, तिथे उद्याचा अभ्यास आहे. एवढी स्वस्त आणि खरी परीक्षा कोणताही क्लास घेत नाही.

आणखी एक गोष्ट, ती कडू आहे. मुलगा अभ्यासाला बसला की घर चिडीचूप होते. मुलगी बसली की नळ येतो, भांडी पडतात, धाकट्याला सांभाळायचे असते. शास्त्राची उजळणी सलग दोन तास मागते. पाणी भावाने भरले तर बादली जड होत नाही.

वस्तीतल्या विहाराला खोली आहे, दिवा आहे, पंखा आहे. रविवारी सकाळी दोन तास ती खोली या मुलांची करावी. बारावी झालेल्यांनी दहावीच्या मुलांना शिकवावे, शिकवताना स्वतःचेही पक्के होते. आपल्यातल्या सिस्टर, लॅब टेक्निशियन, मेडिकलच्या दुकानात काम करणारे तरुण, शिक्षक यांनी महिन्यातून एकदा तरी यावे. रिकामी पुडी, सलाइनची बाटली, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घेऊन यावे. एवढे साहित्य पुरते.

ती मुलगी यंदा परीक्षेला बसते आहे. किती गुण मिळतील ते तिच्या मेहनतीवर आहे. पण या पावसाळ्यात आम्ही पुड्या वाटायला निघालो तेव्हा ती सोबत आली. प्रत्येक दारात तिने आधी घरातली लिटरची बाटली मागितली, मग पुडी फोडली आणि बाईला सांगितले, "काकू, पुडी अख्खी, पाणीही अख्खं लिटर. कमी नाही, जास्त नाही." एका काकूने विचारले, "का गं?" ती उंबऱ्यावर बसली आणि तिने सगळे समजावून सांगितले.